देवगडच्या खळ्यातून तेजोमेघ: सीस्टार एस५० दोन सीझन वापरून झाल्यावर

ही दुर्बीण घ्यायच्या आधी मी तिचे जेवढे व्हिडीओ बघितले ते सगळे थंड देशांतल्या लोकांचे, जाड जॅकेट घालून बर्फाळ अंगणात उभे राहून बोलणारे. त्यांनी सांगितलेलं खोटं नाही पण आपल्याकडे लागू पडतंच असंही नाही. कोकणात, समुद्रापासून दीड-दोन किलोमीटरवर, कौलारू घराच्या खळ्यात (पुढच्या अंगणात) ही वस्तू कशी चालते हे मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून दोन सीझन (म्हणजे दोनदा नोव्हेंबर ते मे) वापरून झाल्यावर सविस्तर लिहितोय. घ्यायचा विचार असेल तर पूर्ण वाचा, कारण किनाऱ्यावरच्या माणसासाठी हिशोब वेगळा आहे, काही बाबतीत तोट्याचा आणि एका बाबतीत इतका फायद्याचा की लंडनवाल्याला तो मिळणारच नाही.

आधी वस्तू काय आहे ते. सीस्टार एस५० म्हणजे अडीच किलोचा एक काळा-पांढरा डबा, त्याच्या हातात ५० मिलिमीटरची भिंग असलेली छोटी दुर्बीण, फोकल लेंग्थ २५० मिमी, आत सोनीचा आयएमएक्स ४६२ सेन्सर, मोटर, बॅटरी, दव घालवायचा हीटर, फिल्टर सगळं आतच. डोळा लावायला जागा नाही. फोनवर ॲप उघडायचं, यादीतून तेजोमेघ (अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग) निवडायचा, ती स्वतः आकाशाचा फोटो काढून ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे बघतोय ते ओळखते, वळते, फोकस करते आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते. दुकानाचं बिल पन्नास हजारांच्या वर गेलं, मुंबईहून पार्सल आलं तेव्हा खोका एका कोपऱ्यात चेपलेला होता, कुरिअरवाल्याशी दोन दिवस वाद झाला पण आतला माल सुखरूप होता त्यामुळे तो विषय तिथेच सोडला.

पहिल्या रात्री मृगातला तेजोमेघ लावला, एम४२. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली जी तलवार लटकते तिच्यातला मधला धूसर ठिपका, तो नुसत्या डोळ्यांनी पण दिसतो. साधारण १३५० प्रकाशवर्षं लांब. डिसेंबर संपत आलेला, खळ्यात नुकतंच शेणाने सारवलेलं, मी पडवीत खुर्ची टाकून फोन हातात धरून बसलो आणि दहाव्या सेकंदाला स्क्रीनवर पंख पसरलेलं काहीतरी आलं, करड्या रंगाचं, दाणेदार. पाच मिनिटांत पंखाला लाल कड आली. अर्ध्या तासाने मधल्या उजळ भागाच्या बाजूला काळी खाच स्पष्ट झाली आणि मी आईला उठवलं. ती गोधडी अंगावर घेऊनच बाहेर आली, फोनकडे बघितलं, मग वर मृगाकडे बघितलं, परत फोनकडे, आणि म्हणाली, "हे तिथंच आहे? आत्ता?" हो आई, तिथंच आहे, आत्ता.

डोळ्याला हा रंग का दिसत नाही हे मला पुष्कळ जण विचारतात. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल रंग जवळजवळ कळत नाही, आणि डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, सेन्सर ठेवतो. तेजोमेघातला तापलेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला म्हणजे गडद लाल रंगात चमकतो, ऑक्सिजन ५०१ च्या आसपास निळसर हिरव्यात. या दुर्बिणीतला ड्युअल बँड फिल्टर याच दोन खिडक्या उघड्या ठेवतो आणि बाकीचा बहुतेक उजेड अडवतो. आमच्या घरासमोरच्या खांबावर दोन वर्षांपूर्वी पांढरा एलईडी लावला, अर्ज करून झाले, शेड लावा म्हटलं तर कोणी मनावर घेत नाही. फिल्टरमुळे त्या खांबाच्या उजेडातही तेजोमेघ काढता येतो हे मी स्वतः करून बघितलंय. दीर्घिकांना (गॅलेक्सींना) मात्र हा फिल्टर कामाचा नाही, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यासाठी लाईट जायची वाट बघावी लागते आणि आमच्याकडे ती जाते. बॅटरी सहा तासांपर्यंत चालते, हीटर लावला तर कमी. इंटरनेट फक्त पहिल्यांदा सुरू करताना लागतं, नंतर फोन थेट दुर्बिणीच्या वायफायला जोडायचा, त्यामुळे रेंज नसलेल्या ठिकाणी पण अडत नाही.

आता कोकणातली अडचण. पहिली, दव. जानेवारीत रात्री दीडनंतर आमच्याकडे कौलांवरून थेंब गळायला लागतात, माडाच्या झावळ्यांतून टपटप आवाज येतो, पाऊस पडतोय असं वाटावं. दुर्बिणीच्या अंगावर हात फिरवला तर ओंजळभर पाणी. हीटर अकरापासूनच लावून ठेवा, भिंगावर धुकट आल्यावर लावून उपयोग नाही, तोपर्यंत वीस मिनिटांच्या फ्रेम वाया जातात.

दव एकवेळ परवडलं, मीठ परवडत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी शेवटी ताऱ्यांभोवती वलय यायला लागलं, मला वाटलं फोकस बिघडला. टॉर्च तिरपी धरून भिंगाकडे बघितलं तर त्यावर बारीक पांढरट ठिपक्यांचा पापुद्रा, दिवसभराच्या खाऱ्या वाऱ्यातलं मीठ दवात विरघळून वाळलेलं. इथे एकच चूक करू नका, कोरड्या फडक्याने पुसू नका. मिठाचे कण काचेवर घासले की ओरखडे कायमचे. आधी हवेच्या पंपाने उडवायचं, मग लेन्सच्या मऊ कागदाला डिस्टिल्ड वॉटरचा ओलावा देऊन न दाबता टिपायचं, मग परत एकदा नवीन कागद. वलय गेलं. त्यानंतर मी ती संध्याकाळी बाहेर ठेवतच नाही, समुद्राचा वारा पडल्यावरच काढतो.

हा वाऱ्याचा मुद्दा नीट सांगतो कारण त्यावर फोटो ठरतो. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून येतो, खारा, ओला, बाष्पाने भरलेला. रात्री जमीन समुद्राच्या आधी थंड होते आणि वारा उलटा फिरतो, सह्याद्रीकडून समुद्राकडे, हाच आपला मतलई वारा. आमच्याकडे हिवाळ्यात तो साधारण दहा-अकराच्या पुढे जाणवतो. तो सुरू झाला की अर्ध्या तासात आकाशातला धुरकटपणा कमी होतो, क्षितिजाजवळचे तारे सुद्धा टोकदार दिसायला लागतात. संध्याकाळी आठ वाजता काढलेला मृग आणि साडेअकराला काढलेला मृग शेजारी ठेवा, दुर्बीण तीच, वेळ तेवढाच, फरक डोळ्यात भरतो. आमच्या शेजारच्या आबांना हे शिकवावं लागलं नाही, ते उमेदीत रापणीला आणि नंतर होडीवर होते, वारा कधी फिरतो ते त्यांना अंगावरच कळतं.

ठेवायचं कसं हेही सांगतो, कारण माझी एक जुनी कॅमेऱ्याची लेन्स पावसाळ्यात कपाटात ठेवून बुरशीने गेली आहे, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुर्बीण ओली कधीच बंद करायची नाही, आधी घरात पंख्याखाली तासभर. मग झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत पाव किलो सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकाच्या नसलेल्या वेगळ्या पत्र्यावर मंद आचेवर कोरडे करून परत डब्यात. जून ते सप्टेंबर डबा उघडायचा तो फक्त जेल बदलायला आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायला. वर्षातले चार महिने पक्के बंद, ऑक्टोबरचा बराचसा भाग ढगात, हे धरून चाला आणि मग पैशाचा विचार करा.

दुसरी अडचण कोकणाची नाही, विषुववृत्ताच्या जवळ असण्याची. ही दुर्बीण डावी-उजवी आणि वर-खाली अशी वळते, आकाश मात्र ध्रुवाभोवती तिरकं फिरतं, त्यामुळे ती ताऱ्याचा पाठलाग बरोबर करते तरी फ्रेममधलं चित्र हळूहळू गोल फिरत जातं. रचताना ॲप ते सरळ करतं पण कोपरे कापले जातात. आता लंडनहून मृगातला तेजोमेघ जास्तीत जास्त ३३ अंशांवर येतो, देवगडहून ६८ अंशांवर, आणि वस्तू जेवढी डोक्याच्या जवळ तेवढं हे फिरणं वेगात. तो सगळ्यात वर असताना आमच्याकडे ते तासाला ३८ अंशांच्या घरात जातं, लंडनला ११. म्हणून व्हिडीओत लोक दोन-तीन तास आरामात एकच वस्तू काढतात आणि आपल्याकडे तासाभरात कडा खराब दिसतात, मशीन बिघडलंय असं समजू नका, भूमिती आहे. उपाय म्हणजे वस्तू पूर्वेला ३० ते ५५ अंशांवर असताना धरायची, डोक्यावर आली की सोडायची.

२०२५ मध्ये अपडेटमधून ईक्यू मोड आला, त्यात दुर्बीण ध्रुवाकडे कलती ठेवायची म्हणजे फिरणं संपतं आणि एक्सपोजर पण वाढवता येतं. छान सोय आहे, पण आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर, म्हणजे दुर्बीण जवळजवळ आडवी झोपवावी लागते, आणि सोबतच्या छोट्या तिपाईवर तसं ठेवलं तर सगळं वजन एका बाजूला जाऊन उलटेल. मी आमच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाची पाचर करून घेतली, कोन मोजून, आणि ती जाड ट्रायपॉडवर बसवून खाली दोरीने जांभ्याचा अर्धा चिरा लटकवला. हलत नाही. मात्र आमच्या खळ्यातून उत्तरेला हापूसची कलमं आहेत, ध्रुव त्यांच्या मागे, त्यामुळे हा सगळा थाट सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, न्यावा लागतो.

आणि सड्यावर गेलात की कोकणातल्या माणसाचा खरा फायदा सुरू होतो, तो म्हणजे दक्षिण. देवगडहून मी जे काढलं ते लंडन, बर्लिन, न्यूयॉर्कवाल्याच्या क्षितिजावर कधी उगवतच नाही. कॅरिना तेजोमेघ, मराठीत नौकातल तारकासमूहातला. अंतर साडेसात हजार प्रकाशवर्षांच्या आसपास, मृगातल्या तेजोमेघाच्या पाचपटीहून जास्त, तरी आकाशात त्याच्यापेक्षा मोठा पसरलेला. आपल्याकडे तो दक्षिणेला जास्तीत जास्त पावणेचौदा अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर दीड मुठीपेक्षा थोडं कमी, आणि दहा अंशांच्या वर जेमतेम चार तास असतो. झाड, डोंगर, घर काहीही आडवं आलं की संपलं.

गेल्या सीझनला शिवरात्रीच्या रात्री जायचं ठरवलं होतं, कारण शिवरात्र म्हणजे अमावस्येच्या तोंडावरची काळोखी रात्र. पण कुणकेश्वरची यात्रा, माणसांचा पूर, दिव्यांचा उजेड आकाशाला भिडलेला, तेव्हा आम्ही पण देवदर्शन केलं आणि दोन दिवसांनी सड्यावर गेलो. मी, चुलतभाऊ आणि आबा. आबा येतो म्हणाले म्हणून त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेतली. जांभ्याचा कातळ रात्री अकरालाही पायाला कोमट लागत होता. पश्चिमेला समुद्रावर बोटींच्या दिव्यांची रांग, एलईडी लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे तरी उजेड दिसतोच, आबांनी तिकडे बघून तोंड फिरवलं. दक्षिण काळीकुट्ट होती.

दुर्बीण वळायच्या आधी मी आबांना अगस्ती दाखवला, नैर्ऋत्येला, खाली. ते हसले, अगस्ती त्यांना लहानपणापासून माहीत. "गणपतीच्या टायमाक पहाटे ह्यो वर इलो काय पाणी निवळता," म्हणाले. मी म्हटलं, आबा, अगस्ती ज्या समूहात आहे ती म्हणजे जहाजाचा तळ, पूर्वी अख्खं एक जहाज होतं आकाशात, फार मोठं पडतं म्हणून लाकाय नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात त्याचे तळ, शीड आणि मागचा भाग असे तुकडे केले. हा तेजोमेघही त्यानेच १७५२ च्या सुमाराला आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून पहिल्यांदा नोंदवला. आबा तळाची बाजू कुठली, शीड कुठलं ते विचारून घेत होते, आणि तेवढ्यात फोनवर पहिली फ्रेम आली.

पहिल्या दहा सेकंदांत मृगासारखं काही घडलं नाही. मातकट पडदा, तारे पिवळट. एवढ्या खाली बघताना डोक्यावरच्या हवेच्या चौपटीहून जास्त हवेतून उजेड यावा लागतो, मावळता सूर्य तांबूस होतो त्याच कारणाने निळा रंग वाटेतच विखुरतो. पण हायड्रोजनचा लाल त्यातून बऱ्यापैकी पार होतो, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. दहा मिनिटांनी पडद्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी काळी फट पडली, धुळीचा पट्टा. वीस मिनिटांनी त्या फटीच्या बाजूला तांबूस ज्वाळा वेगळ्या झाल्या. दीड तास चालू ठेवलं, वाऱ्याच्या झुळकीने काही फ्रेम ॲपने टाकून दिल्या, शेवटी साडेतीनशेच्या आसपास जमा झाल्या. इथे एक गणित लक्षात ठेवा, चौपट फ्रेम जमवल्या की दाणेदारपणा निम्मा होतो, चौपट कमी होत नाही, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत जेवढा फरक दिसतो तेवढाच पुढचा फरक दिसायला पुढची तीस मिनिटं लागतात. उठून जाऊ नका.

मग मी फोनवर दोन बोटांनी चित्र मोठं केलं. उजळ भागाच्या मधोमध एक काळसर आकृती, कुलपाच्या भोकासारखी, आणि तिच्या अगदी शेजारी एक तारा, बाकीच्यांसारखा पांढरा नाही, जुन्या पितळेसारखा नारिंगी. ईटा कॅरिनी. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ केपला, आफ्रिकेच्या त्याच दक्षिण टोकाला, राहून दक्षिणेचं आकाश तपासत होते, त्यांनी या तेजोमेघाची ताऱ्यागणिक मोजून चित्रं काढली, आणि डिसेंबर १८३७ मध्ये हा तारा एकाएकी उजळलेला त्यांना दिसला. पुढे मार्च १८४३ मध्ये तो इतका पेटला की सगळ्या आकाशात व्याधानंतर त्याचाच नंबर. मी सड्यावर उभा राहून हिशोब केला, मार्च म्हणजे हाच सीझन, रात्री दहा-अकरा-बारा, आणि देवगडच्या बंदरात तेव्हा शिडाची गलबतं. त्या रात्री जे तांडेल जागे होते त्यांना दक्षिणेला, पाण्याच्या थोडं वर, ओळखीचा नसलेला एक झगझगीत तारा दिसला असणार. त्याच ताऱ्याचा आजचा उजेड माझ्या ५० मिलिमीटरच्या काचेतून फोनवर. आबांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, "होळयेची किटाळा उडाल्यासारखी दिसतत," म्हणाले (किटाळा म्हणजे ठिणग्या). याहून चांगलं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

जाता जाता, याच हर्शेलांचा मुलगा, तोही जॉनच, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला जमखंडीला स्पेक्ट्रोस्कोप (उजेडातले रंग वेगळे करून बघायचं यंत्र) घेऊन आला होता. आमच्या विजयदुर्गावरच्या साहेबाच्या कट्ट्यांचं नाव त्याच ग्रहणाशी जोडलं जातं. पावसाळ्यात जाऊन बघा.

आता मशीन कुठे कमी पडतं. सेन्सर २१ लाख पिक्सेलचा, १९२० बाय १०८०. फोनवर, टीव्हीवर सुंदर, पण मोठं छापून भिंतीवर लावायचं असेल तर ए४ च्या पुढे जाऊ नका. एका फ्रेममध्ये आकाशाचा सव्वा अंश बाय पाऊण अंशाहून किंचित कमी एवढाच तुकडा मावतो. चंद्र मावतो, मृगाच्या तेजोमेघाचा मुख्य उजळ भाग मावतो, कॅरिना पूर्ण मावत नाही, मी मधलाच भाग काढला. मोझेकने तुकडे जोडता येतात पण वेळ तेवढ्या पटीने वाढतो आणि कॅरिनाच्या बाबतीत वेळच कमी आहे. ग्रहांसाठी घेऊ नका, शनी म्हणजे कान असलेला ठिपका. आणि मुलांना दुर्बिणीला डोळा लावायचा आनंद हवा असेल, तर याच पैशात डोळ्याने बघायची आरशाची मोठी डॉब्सोनियन बघा. आबांनी पण पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "डोळो लावची जागा खंय आसा?" तो प्रश्न बरोबर होता.

माझ्या मते तेजोमेघांसाठी, आणि एकट्याने उचलून सड्यावर नेता येईल अशी, या किमतीत किनाऱ्यावरच्या माणसाने हीच घ्यावी. पूर्वी हेच करायला ट्रॅकिंगचा जड स्टँड, वेगळा कॅमेरा, लॅपटॉप, गाडीची बॅटरी लागायची आणि त्यातला प्रत्येक उघडा सांधा, प्रत्येक वायरची पिन खाऱ्या हवेत गंजायची. इथे सगळं एका डब्यात बंद आहे, दोन सीझनमध्ये माझ्याकडे गंज कुठेच दिसला नाही. गोव्यापासून पालघरपर्यंत दक्षिणेचं क्षितिज मोकळं असलेली जागा शोधून ठेवा, जेवढं खाली वेंगुर्ल्याकडे जाल तेवढा कॅरिना वर येतो, पालघरला उंची दहा अंशांच्या आसपास येऊन अवघड होतं.

यंदा मोझेक करायचाय, शिवरात्रीनंतरच्या तीन रात्री सलग, रोज तोच सडा. आबा येणार म्हणालेत. देवगडच्या आसपासचं कोणी असेल तर या, कानटोपी आणा, डास नाहीत पण कातळ थंड पडल्यावर बोचरं होतं, आणि टॉर्चला लाल कागद लावून या, पांढरी टॉर्च लावू देणार नाही.